कामगारांची वकिली तुरुंगाच्या दारापर्यंत का जाते?

मुंबई उच्च न्यायालयाने १ डिसेंबर २०२१ रोजी अ‍ॅड. सुधा भारद्वाज यांना जामीन मंजूर केला, तो आरोपांच्या खरेखोटेपणात न शिरता. तपासाचे पहिले ९० दिवस संपत आले तेव्हा पुण्याच्या सत्र न्यायाधीशांनी पोलिसांना मुदत वाढवून दिली होती. यूएपीए लावलेल्या या प्रकरणात तो अधिकार त्यांना नव्हताच, तो विशेष न्यायालयाचा होता, एवढ्या एका मुद्द्यावर आदेश उभा होता. राष्ट्रीय तपास यंत्रणा सर्वोच्च न्यायालयात गेली, ७ डिसेंबरला तिचे अपील फेटाळले गेले आणि ९ डिसेंबरला भारद्वाज भायखळ्याच्या महिला कारागृहातून बाहेर आल्या. २८ ऑगस्ट २०१८ रोजी अटक झाल्यापासून, सुरुवातीची नजरकैद धरून, तीन वर्षे तीन महिने उलटले होते आणि तोवर न्यायालयात आरोपनिश्चितीही झाली नव्हती. मराठी वाचकाला त्या माहीत झाल्या त्या ‘एल्गार परिषद प्रकरणातील आरोपी’ म्हणून. त्याआधीची तीस वर्षे त्यांनी छत्तीसगडमध्ये काय केले, हे आपल्याकडे फारसे पोचलेच नाही. ती तीस वर्षे नीट पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. कामगारांची वकिली मन लावून करणारा माणूस आज ना उद्या नागरी स्वातंत्र्याच्या वकिलीत येऊन पोचतो, आणि त्याला तिथे नेतात ते त्याचे खटले. त्याची राजकीय मते काय आहेत याचा त्याच्याशी फार कमी संबंध असतो. आपल्याकडे मात्र हे पोचणेच संशयाचा पुरावा मानले जाते. त्या समजुतीला माझा आक्षेप आहे.

सुधा भारद्वाज यांचा जन्म १९६१ चा, अमेरिकेतल्या बोस्टनचा. आई कृष्णा भारद्वाज या नामवंत अर्थशास्त्रज्ञ. माहेरच्या चंदावरकर, जन्म कारवारचा, शिक्षण मुंबईत, आणि पुढे जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील अर्थशास्त्र केंद्राच्या उभारणीत मोठा वाटा. मुलगी आयआयटी कानपूरमधून गणित शिकली, जन्माने मिळालेले अमेरिकी नागरिकत्व तिने सोडले आणि १९८०च्या दशकात ती छत्तीसगडच्या दल्ली राजहरा या खाणगावात राहायला गेली. या त्यागाचे लोकांना फार कौतुक वाटते आणि त्यात मुख्य मुद्दा बाजूला पडतो. भिलाईच्या पोलाद कारखान्याला लोहखनिज पुरवणाऱ्या त्या खाणींत काय चालले होते, ते अधिक महत्त्वाचे आहे. कारखाना सरकारी, पण हाताने खनिज फोडणारे हजारो कामगार कंत्राटदारांचे. १९७७ मध्ये शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी छत्तीसगड माइन्स श्रमिक संघ उभा केला. पावसाळ्याआधी झोपडी दुरुस्त करण्यासाठी थोडे पैसे मिळावेत, ही त्यांच्या सुरुवातीच्या मागण्यांपैकी एक. त्याच वर्षी जूनमध्ये तिथे गोळीबार झाला आणि अकरा जण मारले गेले. त्यांच्या स्मरणार्थ कामगारांनी स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमातून ‘शहीद हॉस्पिटल’ बांधले, ते १९८३ मध्ये सुरू झाले. दारूबंदी, शाळा, दवाखाना आणि पगारवाढ हे सगळे एकाच युनियनच्या कार्यक्रमात होते. झोपडी दुरुस्तीच्या भत्त्यापासून बंदुकीच्या गोळीपर्यंतचे अंतर तिथे काही आठवड्यांचे होते, हे पुढच्या सगळ्या युक्तिवादासाठी ध्यानात ठेवावे लागेल.

नियोगी पुढे भिलाईच्या खासगी कारखान्यांतल्या कंत्राटी कामगारांकडे वळले. आठ तासांचा दिवस, जगण्यापुरते वेतन, हजेरीपटावर नाव, कायम नोकरी या मागण्या होत्या. कायद्याच्या पुस्तकात नाही असे त्यात काहीच नव्हते. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईत, घरात झोपलेले असताना, त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. सत्र न्यायालयाने १९९७ मध्ये दोन उद्योगपतींसह सहा जणांना शिक्षा ठोठावली. पुढच्या वर्षी उच्च न्यायालयाने सगळ्यांना सोडले. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फक्त गोळी झाडणाऱ्याला दोषी धरून जन्मठेप दिली. दरम्यान १ जुलै १९९२ रोजी कामावरून काढलेल्या कामगारांनी भिलाईत रेल्वेमार्ग अडवला, तिथे पोलिसांच्या गोळीबारात पंधराहून अधिक माणसे गेली. मागे उरले ते बडतर्फ झालेले कामगार आणि वर्षानुवर्षे चालणारे दावे. नेता गेल्यावर, रस्त्यावरची ताकद मोडल्यावर, जे काही वाचवता येईल ते न्यायालयातच वाचवायचे होते, आणि त्यासाठी संघटनेला हक्काचा वकील हवा होता. भारद्वाज यांनी कायद्याची पदवी घेतली ती या गरजेपोटी, चाळिशीच्या उंबरठ्यावर. छत्तीसगड राज्य नोव्हेंबर २००० मध्ये झाले आणि बिलासपूरला उच्च न्यायालय आले. पुढे तेच त्यांच्या वकिलीचे ठिकाण झाले.

कामगाराचा दावा प्रत्यक्षात कसा असतो, हे बाहेरच्या माणसाला सहसा कळत नाही. पहिला प्रश्नच असा की हा कामगार कोणाचा? गेटपास कंत्राटदाराचा, पगार मुकादमाच्या हातून, हजेरीचे रजिस्टर साहेबांच्या कपाटात. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एअर इंडियाच्या खटल्यात म्हटले होते की, कंत्राटी पद्धत बंद करण्याचा आदेश निघाला की ते कामगार आपोआप मूळ मालकाचे होतात. पाच वर्षांनी, ऑगस्ट २००१ मध्ये, पाच न्यायाधीशांच्या पीठाने तो निर्णय फिरवला. तो खटला ‘सेल’चा, म्हणजे भिलाईचा कारखाना चालवणाऱ्या कंपनीचाच होता. तेव्हापासून कामगाराला सिद्ध करावे लागते की कंत्राट हा नुसता देखावा आहे. काम कोण सांगत होते, अवजारे कोणाची, रजा कोण देत होते, चूक झाली तर दटावणारा कोण, हे सगळे साक्षीपुराव्याने दाखवायचे. निकाल बाजूने लागला तरी मालक उच्च न्यायालयात जातो. मग नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायद्यातील कलम १७ ब खाली निदान शेवटचा पगार तरी दरमहा मिळावा म्हणून वेगळा अर्ज. तोही लढावा लागे. भिलाईजवळच्या जामुल सिमेंट कारखान्यातल्या कंत्राटी कामगारांचा लढा स्थानिक न्यायालयांतून निघून २०१२ मध्ये पार स्वित्झर्लंडपर्यंत गेला, कारण कारखाना तेव्हा एका स्विस कंपनीच्या ताब्यात होता. समझोता झाला तो २०१६ मध्ये. एका पिढीने काम केले आणि दुसरीच्या हातात पैसे पडले, असा हा हिशेब.

आता यात नागरी स्वातंत्र्य कुठून आले? ते आले साक्षीदारामुळे. देखाव्याचे कंत्राट उघडे पाडणारी कागदपत्रे मालकाकडे असतात, त्यामुळे कामगाराचा सगळा पुरावा म्हणजे शेजारच्या मशीनवरचा दुसरा कामगार. तो साक्षीला उभा राहतो तेव्हा त्याचीही नोकरी पणाला लागते आणि बऱ्याचदा नोकरीपेक्षा जास्त काही. गेटवर सभा घेतली म्हणून बेकायदा जमाव. साहेबांच्या गाडीसमोर घोषणा दिल्या म्हणून अटकाव आणि धमकी. शांतताभंगाच्या भीतीने चॅप्टर केस. फारच त्रास झाला तर तडीपारीची नोटीस. महाराष्ट्रातल्या कोणत्याही औद्योगिक वसाहतीतल्या युनियनवाल्याला ही यादी तोंडपाठ असते. वकिलाने म्हणावे की, मी फक्त वेतनाचा दावा चालवतो, फौजदारी माझे काम नाही, तर त्याचा साक्षीदार तारखेला कोठडीत असेल आणि दावा पुराव्याअभावी पडेल. म्हणून तो सकाळी लेबर कोर्टात उलटतपास घेतो आणि दुपारी दंडाधिकाऱ्यापुढे जामिनाला उभा राहतो. छत्तीसगडमध्ये हीच साखळी पुढे लांबली. कारखाना वाढला की शेजारच्या गावची जमीन लागते, जमीन आदिवासींची असली की ग्रामसभेची संमती लागते, आणि संमती खरी की कागदावरची हे विचारणाऱ्या गावकऱ्यावर पुन्हा तेच गुन्हे दाखल होतात. भारद्वाज यांनी सहकारी वकिलांबरोबर ‘जनहित’ नावाचा गट उभा केला, ‘पीयूसीएल’ या नागरी स्वातंत्र्य संघटनेच्या छत्तीसगड शाखेचे सचिवपद सांभाळले, जमिनीचे, वनहक्काचे, कोठडीतल्या माणसांचे खटले चालवले. हे त्यांनी विषय बदलला म्हणून घडले नाही. पक्षकार तेच होते; त्यांच्यावर दाखल होणारे गुन्हे बदलत गेले.

छत्तीसगड विशेष जनसुरक्षा कायदा २००५ चा. त्याखाली मे २००७ मध्ये डॉ. विनायक सेन यांना अटक झाली. हे सेन म्हणजे शहीद हॉस्पिटलच्या सुरुवातीच्या काळात तिथे काम केलेले डॉक्टर आणि अटकेच्या वेळी ‘पीयूसीएल’चे पदाधिकारी. रायपूरच्या न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये त्यांना राजद्रोहासाठी जन्मठेप दिली आणि एप्रिल २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला. खाणकामगारांच्या दवाखान्यातला डॉक्टर, त्याच चळवळीतली वकील, दोघांचाही मार्ग शेवटी विशेष कायद्यांच्या कलमांत शिरला. आपल्याशी याचा संबंध एवढाच नाही की भारद्वाज येरवडा आणि भायखळा इथे कैदेत होत्या. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने जे जनसुरक्षा विधेयक संमत केले, त्याचे समर्थन करताना सरकारने छत्तीसगडसह ज्या राज्यांत असे कायदे आहेत त्यांचाच दाखला दिला होता. तेव्हा छत्तीसगडचा अनुभव आता परक्या राज्याची गोष्ट राहिलेला नाही.

वेतन आणि स्वातंत्र्य एकमेकांत गुंतलेले आहेत हे मी म्हणतो आहे असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने ते १९८२ मध्येच सांगितले आहे. दिल्लीत एशियाड खेळांसाठी उड्डाणपूल आणि मैदाने बांधली जात होती. रोजची किमान मजुरी ९ रुपये २५ पैसे. त्यातला एक रुपया जमादार आपले कमिशन म्हणून कापून घेई आणि मजुराच्या हातात ८ रुपये २५ पैसे पडत. ‘पीयूडीआर’ या संघटनेने न्यायमूर्ती भगवती यांना पत्र लिहिले, न्यायालयाने त्यालाच याचिका मानले. निकाल असा की, किमान वेतनाहून कमी पैशात काम करून घेणे ही संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने बंदी घातलेली वेठबिगारी आहे. कारण भुकेमुळे माणसासमोर दुसरा पर्यायच उरत नसेल, तर त्याने दिलेली संमती ही संमती नव्हे. एका रुपयाचा प्रश्न मूलभूत हक्कांच्या प्रकरणात जाऊन बसला. या संघटनेच्या नावामागेही एक वाद आहे. आणीबाणीत जयप्रकाश नारायण आणि सासवडचे सुपुत्र, माजी न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे यांनी जी संघटना उभी केली, तिच्या नावात नागरी स्वातंत्र्य आणि लोकशाही हक्क असे दोन्ही शब्द होते. पुढे ‘पीयूसीएल’ने पहिला ठेवला आणि दिल्लीतल्या गटाने दुसरा. भाषणाचे, सभेचे स्वातंत्र्य एवढ्यावर लक्ष द्यावे की मजुरी आणि जमीन हेही त्यात घ्यावे, असा तो मतभेद होता. पण कामगारांच्या वकिलाला या वादात कोणतीही एक बाजू घेऊन भागत नाही, हे भिलाईच्या खटल्यांवरून उघड आहे.

महाराष्ट्राला तर हे कोणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नव्हती. १९३८ मध्ये बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने मुंबई प्रांतात औद्योगिक विवादांचे विधेयक आणले. समेटाची प्रक्रिया पूर्ण होण्याआधी केलेला संप त्यात गुन्हा ठरत होता. त्याला सभागृहात सर्वांत तर्कशुद्ध विरोध केला तो स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते आणि बॅरिस्टर बाबासाहेब आंबेडकर यांनी. संप म्हणजे फार तर कराराचा भंग, ती दिवाणी बाब. माणसाने काम करायचे नाकारले म्हणून त्याला तुरुंगात घालणे म्हणजे त्याला गुलाम करणे, आणि संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्याच हक्काचे दुसरे नाव, अशी त्यांची मांडणी होती. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी या विधेयकाविरुद्ध मुंबईत मोठा संप झाला, आणि त्यात एरवी ज्यांच्याशी त्यांचे पटत नव्हते ते कम्युनिस्टही त्यांच्या बरोबर होते. याच बॅरिस्टरने १९२६ मध्ये पुण्यात ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकाच्या खटल्यात जेधे-जवळकरांचा बचाव केला होता आणि १९३४ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’चे संपादक र. धों. कर्वे यांची बाजू अश्लीलतेच्या खटल्यात मांडली होती. मतस्वातंत्र्य आणि गिरणी कामगार हे दोन विषय त्यांच्या बाबतीत कोणी वेगळे काढून दाखवावेत. विधेयक मात्र कायदा झाले आणि १९४६ मध्ये त्याची जागा मुंबई औद्योगिक संबंध, म्हणजे ‘बीआयआर’, कायद्याने घेतली. त्यात एका शहरातल्या एका उद्योगासाठी एकच प्रातिनिधिक युनियन, बोलणी करायचा अधिकार फक्त तिला. १८ जानेवारी १९८२ पासून अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे गेले तरी कायद्याच्या नजरेत त्यांचा प्रतिनिधी राष्ट्रीय मिल मजदूर संघच राहिला. हा कायदा रद्द करा, ही संपाची एक मुख्य मागणी होती. बोनस आणि पगारवाढीच्या आकड्यांवर आपण त्या संपाची चर्चा करत आलो. आपला माणूस आपण निवडण्याच्या हक्कावर, म्हणजे सरळसरळ संघटनास्वातंत्र्यावर, तितकी केली नाही.

या सगळ्यावर पहिला आक्षेप वकिलांच्याच वर्तुळातून येतो. वकील हा न्यायालयाचा अधिकारी. त्याने पक्षकारापासून अंतर राखावे. युनियनचे पद आणि वकीलपत्र एकाच हातात असले की वकिली राहत नाही, चळवळ होते. आक्षेप फुकटचा नाही. संघटनेत बुडालेल्या वकिलाला ‘ही तडजोड स्वीकारा, पुढे हाराल’ असे पक्षकाराला सांगणे जड जाते, आणि असे न सांगितल्याने बुडालेले दावे मुंबईतही आहेत. पण कायद्याने या क्षेत्रात निराळा विचार केला आहे. औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ३६ नुसार कामगाराची बाजू त्याच्या युनियनच्या पदाधिकाऱ्याने मांडायची हा नियम होता, आणि वकील हा अपवाद, तोही दुसऱ्या पक्षाची संमती आणि न्यायालयाची परवानगी असेल तर. म्हणजे कार्यकर्त्याने कामगाराच्या वतीने उभे राहणे ही कायद्याने योजलेलीच व्यवस्था आहे. शिवाय कंपन्यांचे वकील मालक संघटनांवर पदे घेऊन त्याच कलमातून कामगार न्यायालयात शिरत आले, १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पारादीप बंदराच्या खटल्यात त्याला मान्यताही दिली. त्यांना कोणी ‘कार्यकर्ते वकील’ म्हणत नाही. वकिलाला त्याच्या पक्षकाराशी किंवा पक्षकाराच्या कार्याशी एकरूप मानू नये, असे संयुक्त राष्ट्रांनी १९९० मध्ये हवाना इथल्या परिषदेत स्वीकारलेल्या तत्त्वांत स्पष्ट म्हटले आहे. आरोपीचे वकीलपत्र कोणी घेऊ नये असे बार असोसिएशनचे ठराव बेकायदा आहेत, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये बजावले. तरी बस्तरमध्ये आदिवासी कैद्यांना मोफत वकिली देणाऱ्या जगदलपूरच्या गटाला स्थानिक वकिलांच्या विरोधामुळे आणि दबावामुळे २०१६ मध्ये तिथून निघावे लागले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. छत्तीसगड आणि गडचिरोलीत हिंसा खरी होती. एप्रिल २०१० मध्ये ताडमेटला इथे ७६ जवान मारले गेले. मे २०१३ मध्ये झीरम घाटीत काँग्रेसच्या नेत्यांची कत्तल झाली. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्रदिनी, जांभुळखेड्याच्या स्फोटात आपले पंधरा पोलीस गेले. सशस्त्र संघटना उघड संघटनांचा आडोसा घेतात, हे सरकारचे म्हणणे सरसकट खोटे ठरवता येत नाही, आणि वकिलीची सनद म्हणजे गुन्ह्यातून सुटकेचा परवाना नव्हे. एल्गार प्रकरणात कोणी काय केले, हे पुराव्यानिशी न्यायालयाने ठरवावे. त्यावर मी इथे निवाडा देत नाही. माझा मुद्दा त्याच्या अलीकडचा आहे. ज्या प्रदेशात बंदूकवाला आणि युनियनवाला यांत फरक करणे कठीण, तिथे तो फरक दाखवणारी एकच अधिकृत जागा असते, न्यायालय, आणि ती चालते वकिलामुळे. नियोगींच्या संघटनेने हिंसेचा मार्ग धरला नव्हता; त्यांनी युनियन नोंदवली, संप केला, दावे दाखल केले. या वाटेवर चालणाऱ्याला तीन-तीन वर्षे आरोपनिश्चितीशिवाय आत ठेवले, तर बंदूकवाल्याच्याच प्रचाराला बळ मिळते. यूएपीएच्या कलम ४३ डमुळे जामीन अपवाद झाला, आणि खटला सुरूच न होणे ही शिक्षा झाली. नागपूरचे अ‍ॅड. सुरेंद्र गडलिंग याच प्रकरणात जून २०१८ मध्ये पकडले गेले. दलित आणि आदिवासी आरोपींचे वकील म्हणून विदर्भात ते परिचित होते. असा वकील कोठडीत गेला की त्याच्या कपाटातल्या सगळ्या फायलींचे पक्षकारही अडतात, याची नोंद कोणत्याच आरोपपत्रात नसते.

तिसरा आक्षेप उद्योगांचा, आणि तो थोडक्यात आटोपता येईल. युनियनबाजीने मुंबईच्या गिरण्या बुडाल्या, आता गुंतवणूक हवी तर कायदे सैल हवेत, असे म्हटले जाते. सैल करायचेच होते तर ते दोन्ही बाजूंना व्हायला हवे होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने कामगार कपातीसाठी सरकारी परवानगीची अट १०० ऐवजी ३०० कामगारांच्या आस्थापनेपासून पुढे नेली, म्हणजे मालकाला मोकळीक दिली. कामगारासाठी मात्र प्रत्येक आस्थापनेत संपाआधी चौदा दिवसांची नोटीस आली, निम्म्या कामगारांनी एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संप धरला गेला, आणि बेकायदा संपासाठी दंड किंवा महिनाभराचा कारावास शाबूत राहिला. आंबेडकरांनी १९३८ मध्ये ज्या तत्त्वावर बोट ठेवले होते ते तत्त्व अजून तिथेच आहे. हे कायदे योग्य की अयोग्य यावर मतभेद असू शकतो. पण ज्या कायद्यात वेतनाचा वाद तुरुंगाच्या कलमाने संपू शकतो, त्या कायद्याखाली कामगारांचा वकील फौजदारी न्यायालयात दिसला तर त्यात नवल मानण्यासारखे काय आहे?

उरतो तो व्यावहारिक प्रश्न, की ही वकिली करणार कोण. कामगार न्यायालयात फी तुटपुंजी, तारखा लांब, आणि वर अटकेची धास्ती; विधी महाविद्यालयातून बाहेर पडणारी हुशार मुले कंपन्यांच्या फर्ममध्ये गेली तर त्यांना दोष देता येत नाही. पण एक साधन हाताशी असून पडून आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ मध्ये मोफत वकील कोणाला मिळेल याची यादी आहे. तिच्यात औद्योगिक कामगार आणि कोठडीतली व्यक्ती ही दोन कलमे लागोपाठ येतात, वेठबिगारीचा बळीही आहे, आणि या तिघांनाही उत्पन्नाची मर्यादा नाही. प्रत्येक जिल्हा प्राधिकरणाने आपल्या पॅनेलवर कामगार कायदा जाणणारे वकील नेमावेत, त्यांना परवडेल अशी फी द्यावी, आणि कामगारावर दाखल झालेला फौजदारी गुन्हाही त्याच वकिलाकडे सोपवावा. बार कौन्सिलने एवढे तरी पाहावे की एखाद्या वकिलाला अटक झाली तर त्याच्या पक्षकारांच्या तारखा वाऱ्यावर जाणार नाहीत. आणि चाकण, तळोजा, बुटीबोरी, वाळूज इथे कंत्राटदाराच्या गेटपासवर काम करणाऱ्या वाचकांनी हे कलम लक्षात ठेवावे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात प्राधिकरणाचे कार्यालय असते. तिथे जा, औद्योगिक कामगार म्हणून अर्ज करा आणि वकील मागा.